फोनवरचा गिऱ्हाईक-गट आणि माळव्यातील चौपाल



रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात घटकाभर उभे राहिले, की हल्ली दोनच विषय कानी पडतात. पहिला पाऊस आणि दुसरा फोनवरचा ग्रुप. "आमचा भाजीचा ग्रुप बंद पडल्यासारखाच आहे." "अडीचशे माणसे आहेत, पण भेंडी घ्यायला दहासुद्धा पुढे येत नाहीत." "कोणीतरी रोज सकाळी फुलांची चित्रे टाकतो, त्यात खरी ऑर्डर कोठे बुडते ते कळत नाही." अशा तक्रारी आम्ही गेली काही वर्षे ऐकत आलो आहोत. ऐकत आलो असे तरी कशाला म्हणावे? त्यांतील निम्म्या तक्रारी आमच्या स्वतःच्याच आहेत. म्हणून या वेळी खत आणि कीड बाजूला ठेवून या विषयावर चार गोष्टी लिहीत आहोत.

आमच्या गटाची हकिकत आधी सांगतो. मार्च २०२० मध्ये लोकल गाड्या थांबल्या. वसईच्या वाड्यांतील भाजी पहाटेच्या गाडीने दादरला न्यायची, हा आपला वाडवडिलांपासूनचा परिपाठ एका रात्रीत मोडला. पालक, माठ, मेथी ही काही कपाटात कुलूप लावून ठेवण्याची वस्तू नव्हे. तेव्हा आमच्यापैकी एका भगिनीने भाच्याच्या मदतीने बोरिवलीतील एका सोसायटीत राहणाऱ्या ओळखीच्या बायकांचा व्हॉट्सअॅपवर ग्रुप केला. शुक्रवारी रात्री मागणी घ्यायची, शनिवारी सकाळी टेम्पोने भाजी पोचवायची. आम्ही सहा वाडीवाले त्यात सामील झालो. चाळीस घरांची पाहता पाहता दोनशे घरे झाली. दलाली नाही, हमाली नाही, पैसे त्याच संध्याकाळी. आम्हांला वाटले, आता दादर कायमचे सुटले!

ते सुटले नाही. गाड्या पूर्ववत झाल्या, लोक पुन्हा बाजारात जाऊ लागले आणि शनिवारची मागणी निम्म्यावर आली. गटातील नावे मात्र तेवढीच राहिली. एका शनिवारी तीन वाफ्यांचा कापलेला पालक तसाच परत आला आणि गुरांपुढे टाकावा लागला. ज्या घरचा तो पालक होता, त्या घरात त्याच आठवड्यात मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. दोष कोणाचा? त्या वेळी आम्ही तो सरळ गिऱ्हाइकांच्या माथी मारला. शहरी लोक असेच, गरज सरो वैद्य मरो, असे म्हणून मोकळे झालो.

पुढे एका लग्नानिमित्त इंदूरला जाण्याचा योग आला. आम्ही तिघे बोरिवलीहून अवंतिका एक्स्प्रेसने निघालो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माळव्यात उतरलो. इंदूर हे होळकरांचे शहर, त्यामुळे तेथे मराठी घरे पुष्कळ आणि मराठी माणसाला परकेपणा कमी वाटतो. संध्याकाळी यजमानांनी राजवाडा दाखवायला नेले. सात मजल्यांची ती वास्तू, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. १९८४ साली लागलेल्या आगीत तिचा बराच भाग जळाला होता, तो पुढे पुन्हा उभारला गेला. समोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. तेथून चार पावलांवर सराफा.

सराफ्यात दिवसा सोन्या-चांदीची दुकाने असतात. रात्री ती बंद झाली की त्याच दुकानांच्या पुढ्यात खाण्याचे ठेले लागतात: भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलेबी, दहीवडे. मध्यरात्रीनंतरही गर्दी हटत नाही. आम्ही यजमानांना विचारले, "हे सराफ लोक आपल्या ओट्यावर तेलाच्या कढया लावू कशा देतात?" ते म्हणाले, "अहो, रात्रभर माणसांची वर्दळ असली की दुकानाला फुकटची राखण होते. सराफाला राखण, ठेलेवाल्याला जागा." ही समजूत तेथे सर्वांच्या तोंडी आहे. परंतु अलीकडच्या वर्षांत ठेले वाढत गेले, अरुंद गल्लीत गॅसच्या टाक्या आल्या, तेव्हा आगीच्या भीतीने त्याच सराफांनी तक्रारी सुरू केल्या. जुने ठेले राहू द्यावेत, पण नव्यांना आवर घालावा, असा वाद महापालिकेपर्यंत गेला. भुट्ट्याचा कीस खाता खाता आमच्यातील एक जण हळूच म्हणाला, "आपला ग्रुपही असाच झाला नाही का? कोणीही यावे, काहीही मांडावे!"

त्या रात्री राजवाड्यासमोर बसून जे बोलणे झाले, त्यासाठी हा लेख. यजमानांचे मेहुणे देवास बाजूचे सोयाबीन पिकवणारे शेतकरी. त्यांनी विषय काढला तो ई-चौपालीचा. आमच्यापैकी कोणी तिचे फक्त नाव ऐकले होते, कोणी तेही नाही. घरी परतल्यावर आम्ही तिच्याविषयी मिळेल ते वाचले. फोनवरचे गट आपल्या खिशात येण्याच्या कितीतरी आधी शेतकरी आणि व्यापारी यांना यंत्राच्या साहाय्याने एकत्र बांधण्याचा एक मोठा प्रयोग याच माळव्यात झाला होता.

चौपाल म्हणजे आपल्या गावचा पार किंवा चावडी. आयटीसी या कंपनीला सोयाबीन खरेदी करायचे असे. ती खरेदी मंडीतून, आडत्यांमार्फत होई. मंडीची रीत तेव्हा कशी होती पाहा. शेतकरी बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर भरून मंडीत पोचला, की मगच त्याला भाव कळे. लिलावात भाव पडलेला दिसला तरी भरलेली गाडी परत नेणे परवडत नसे, कारण भाडे अंगावर पडे. त्यातून पोती भरताना सांडलवंड त्याचीच, हमाली त्याचीच, काट्याची दांडी कोणाकडे झुकेल ते देवच जाणे, आणि पैसे कधी आज तर कधी आठवड्याने. दादरला माल नेणाऱ्या आपल्या वाचकांना यातले निम्मे तरी ओळखीचे वाटेल.

सन २००० मध्ये कंपनीने मध्य प्रदेशातील खेड्यांत संगणक बसवण्यास प्रारंभ केला. विजेचा भरवसा नाही म्हणून बॅटऱ्या आणि सूर्यप्रकाशावर चालणारी तावदाने, टेलिफोनची तार चालत नसेल तेथे उपग्रहाची छत्री, असा सगळा सरंजाम. पण तो संगणक कंपनीच्या कचेरीत ठेवला नाही. तो ठेवला गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरात. त्या शेतकऱ्याला नाव दिले संचालक. आपल्याकडे संचालक म्हटले की साखर कारखान्याची खुर्ची आणि पांढरी मोटार डोळ्यांपुढे येते! येथला संचालक म्हणजे पाच-सहा इयत्ता शिकलेलाही असेल, पण ज्याच्या शब्दाला गावात किंमत आहे असा माणूस. एकेका संचालकाकडे आसपासच्या दहाएक गावांतले सुमारे सहाशे शेतकरी येत.

कामाची रीत साधी होती. आदल्या दिवशी मंडी ज्या भावावर बंद झाली, त्यावरून कंपनी दुसऱ्या दिवसाचा भाव ठरवी आणि तो संचालकाच्या संगणकावर येई. शेतकरी मूठभर सोयाबीन नमुना म्हणून घेऊन येई. संचालक दाण्याचा ओलावा, काडीकचरा पाही आणि अंदाजे भाव सांगून चिठ्ठी देई. पटले तर शेतकरी ती चिठ्ठी घेऊन कंपनीच्या केंद्रावर माल नेई. तेथे इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन, हातात रोख पैसे, वर वाहतुकीचा खर्च. पटले नाही, तर मंडीचा रस्ता मोकळा होता. कोणी कोणाचा हात धरीत नसे. संचालकाला झालेल्या खरेदीवर कमिशन मिळे.

येथे एक शंका कोणाही शहाण्या शेतकऱ्याच्या मनात येईल. कंपनीकडून कमिशन घेणारा माणूस गावाचे हित कसा पाहील? ही शंका कंपनीलाही आली असावी. संचालक नेमताना त्याला गावासमोर जाहीर शपथ घ्यावी लागे, की मी सर्व शेतकऱ्यांची भेदभाव न करता सेवा करीन. शपथेने माणूस बदलतो असे आम्ही म्हणत नाही. पण चार लोकांसमोर घेतलेला शब्द मोडताना त्याला त्याच गावात, त्याच विहिरीवर तोंड दाखवायचे असते. शहरातून येणाऱ्या नोकराला ती लाज नसते.

दुसरी गोष्ट आम्हांला फार शहाणपणाची वाटली. मंडीतले जुने आडते कंपनीने वाऱ्यावर सोडले नाहीत. त्यांतील काहींना संयोजक म्हणून कामात घेतले: नवीन संचालक शोधून देणे, केंद्रावरचा रोख व्यवहार आणि मजूर सांभाळणे, यासाठी. ज्याच्या पोटावर पाय येतो, तो माणूस नव्या व्यवस्थेचा पहिला शत्रू होतो. आमच्या गटाने पहिल्याच महिन्यात आमच्या जुन्या टेम्पोवाल्याला बाजूला सारून स्वस्तातला दुसरा पाहिला होता. जुन्या टेम्पोवाल्याने सोसायट्यांच्या फाटकांवर आमच्याविषयी काय काय सांगितले, ते आम्हांला सहा महिन्यांनी कळले.

संगणक आल्यावर लोकांनी त्याचा उपयोग केवळ कंपनीच्या भावासाठी केला असे नाही. मुले परीक्षेचे निकाल पाहत, म्हातारे हवामान विचारीत, आणि काही हुशार शेतकरी तर थेट अमेरिकेतील शिकागोच्या बाजारातला सोयाबीनचा भाव पाहू लागले! कंपनीने यावर बंदी घातली नाही. लोक तेथे या ना त्या कारणाने येत राहिले, म्हणून भाव विचारायलाही आले. आपल्या गटात केवळ "आज वांगी आहेत, घ्या" एवढेच येत राहिले तर गिऱ्हाईक किती दिवस ते उघडून पाहील?

जागतिक बँकेतील अर्थतज्ज्ञ अपराजिता गोयल यांनी या केंद्रांचा मध्य प्रदेशातील सोयाबीनच्या भावावर काय परिणाम झाला याचा अभ्यास केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांना असे आढळले, की जेथे केंद्रे आली तेथे मंडीतलाच सोयाबीनचा भाव १ ते ३ टक्क्यांनी वाढला. म्हणजे ज्या शेतकऱ्याने संचालकाच्या दारात कधी पाऊल ठेवले नाही, मंडीतच माल विकला, त्यालाही लाभ झाला. व्यापाऱ्याला कळून चुकले, की समोरचा माणूस आता भाव ठाऊक असून आला आहे. सोयाबीनखालची जमीनही त्या भागात वाढली.

ही व्यवस्था पुढे वाढत गेली. कंपनी ६,१०० केंद्रे आणि ३५,००० गावे हा आकडा सांगते. नंतर प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि एका घरातल्या संगणकापाशी जाण्याचे कारण उरले नाही. २०२२ मध्ये कंपनीने फोनवरचे नवे साधन आणले आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांमार्फत काम सुरू केले. देवासकडचे पाहुणे म्हणाले, "संगणक गेला त्याचे काही वाटत नाही. पण संचालकाच्या ओट्यावर चिठ्ठी मिळायची, ती मिळाली की मन शांत व्हायचे." का, असे विचारले तर ते म्हणाले, "भांडायला माणूस होता ना समोर!"

बंधू-भगिनींनो, हे वाक्य ऐकून आम्ही तिघे एकमेकांकडे पाहत राहिलो. आमच्या गटात भांडायला माणूसच नव्हता. आम्ही सहाही जण अॅडमिन होतो, आणि म्हणून कोणीच अॅडमिन नव्हते.

जी मागणी निम्म्यावर आली, तिचे मूळ आम्हांला इंदूरहून परतताना गाडीत सापडले. त्या पावसाळ्यात एका गिऱ्हाईक बाईने रात्री नऊ वाजता लिहिले होते, की किलो म्हणून आलेली भेंडी घरच्या काट्यावर आठशे ग्रॅम भरली. आम्ही सहा जणांनी ते वाचले. प्रत्येकाला वाटले, ज्याची भेंडी आहे तो उत्तर देईल. ज्याची भेंडी होती तो वाडीत पाणी तुंबले म्हणून चर काढत होता. दोन दिवस कोणी काही लिहिले नाही. तिसऱ्या दिवशी आणखी चौदा जणींनी "आमचेही कमी भरले" असे लिहिले. त्यानंतर कोणी भांडले नाही, कोणी गट सोडलाही नाही. त्यांनी फक्त मागणी देणे बंद केले. भांडणारे गिऱ्हाईक परवडते, गप्प झालेले नाही.

भेंडी खरोखरच कमी होती काय? होती. आमचा स्प्रिंगचा काटा जुना झाला होता. मनात कपट नव्हते, पण गिऱ्हाइकाला आमचे मन दिसत नाही, काटा दिसतो. परत आल्यावर पहिले काम केले ते नवा इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का मारून घेण्याचे. दुसरे काम, त्या पंधरा जणींना आमच्यातील दोघी बहिणी प्रत्यक्ष जाऊन भेटल्या. फोनवर माफी मागितली नाही. घरी गेल्या, प्रत्येकीला दोनशे ग्रॅम भेंडी आणि वर एक जुडी मेथी दिली. तिघींनी दार उघडले नाही. बारा जणींनी चहा दिला.

त्यानंतर आम्ही गटाला संचालक नेमला. ती आमच्यातली एक भगिनी आहे, तिची वाडी लहान पण बोलणे गोड आणि हिशेब चोख. तिला प्रत्येक शनिवारच्या विक्रीतून ठराविक वाटा देतो. फुकटचे काम आज ना उद्या कोणावर तरी राग काढते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. दिवसा ती वाडीत असते, म्हणून तिने गिऱ्हाइकांना स्पष्ट कळवले आहे, की उत्तर दुपारी एक ते दोन आणि रात्री आठ ते नऊ या वेळेतच मिळेल. पण त्या वेळेत मिळेलच. तक्रार आली तर आधी "वाचले, उद्या रात्रीपर्यंत सांगते" एवढे तरी लिहायचे, असा आमचा ठराव आहे. तक्रार पुसून टाकायची नाही, हाही ठराव आहे. अॅडमिनला दुसऱ्याचा निरोप पुसता येतो, त्याचा मोह होतो. एकदा पुसलेली तक्रार सोसायटीच्या जिन्यात दसपट मोठी होऊन फिरते.

भाव शुक्रवारी रात्री आठला एकदाच लिहायचा आणि शनिवारी तो बदलायचा नाही, दादरला भाव चढला तरीही. यावर आमच्यात भांडण झाले, लपवत नाही. टोमॅटो महागले त्या आठवड्यात एकाने ठरल्या भावाने माल द्यायला नकार दिला आणि तो गट सोडून गेला. त्याचेही सर्वस्वी चुकले असे आम्ही म्हणणार नाही, त्याच्यावर सोसायटीचे कर्ज आहे. पण माळव्यातला शेतकरी चिठ्ठी घेऊन केंद्रावर निश्चिंत जाई, तो आज लिहिलेला भाव आज टिकेल या भरवशावरच.

आता यंत्राच्या काही गोष्टी, ज्या आम्हांला तरुण मंडळींनी समजावून दिल्या. व्हॉट्सअॅपच्या गटात हल्ली १,०२४ माणसे मावतात, पण मावतात म्हणून भरू नयेत. प्रत्येक सभासदाला इतर सर्वांचे नंबर दिसतात, ही गोष्ट गिऱ्हाईक बायकांना नको असते आणि ते योग्यच आहे. म्हणून न विचारता कोणालाही गटात ओढू नका. भाव आणि मालाची यादी कळवण्यासाठी असा गट ठेवता येतो, ज्यात फक्त अॅडमिनच लिहू शकतो. मग फुलांची चित्रे, राजकारण आणि पुढे ढकललेले निरोप आपोआप थांबतात. मागणी मात्र संचालकाच्या नंबरावर वेगळी यावी. काही जण गटाऐवजी ब्रॉडकास्ट यादी वापरतात. तिचा लाभ असा, की कोणाचा नंबर कोणाला दिसत नाही. तोटा असा, की ज्याने आपला नंबर आपल्या फोनमध्ये साठवला असेल त्यालाच निरोप पोचतो. आमच्या एका शेजाऱ्याने दोन महिने यादी पाठवली आणि निम्म्यांना ती पोचलीच नव्हती!

सगळे बोलणे बंद करणेही बरे नव्हे. सराफ्यात लोक खायला येतात तसे गप्पांनाही येतात. आम्ही गिऱ्हाइकांसाठी बोलण्याचा एक वेगळा छोटा गट ठेवला आहे. त्यात कोणी अळूच्या फदफद्याची रीत विचारते, कोणी पालकावर भोके का असतात ते विचारते. भोकांचे उत्तर देताना आम्ही फवारणीची तारीखही सांगतो. एका बाईने वाडी पाहायला येऊ का, असे विचारले. आल्या, मुलांना घेऊन, बावखलाच्या काठावर बसून डबा खाल्ला. त्या आता आमच्या वतीने सोसायटीत भांडतात.

कोणी काही गैर लिहिले तर अॅडमिनला पोलीस पकडतील, ही भीती पुष्कळांना असते आणि त्यापायी कोणी अॅडमिन व्हायला तयार होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली असे म्हटले आहे, की सभासदाने लिहिलेल्या मजकुराबद्दल केवळ तो अॅडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. दोघांचा संगनमताचा बेत असेल तर गोष्ट वेगळी. भीती नको, पण सावधपणा हवाच.

गिऱ्हाइकांच्या गटाइतकाच शेतकऱ्यांच्या आपापसातल्या गटाला राखणदार हवा, आणि तेथे तर जिवाशी गाठ असते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. अनेक औषधे एकत्र मिसळणे, हातमोजे-मुखवटा नसणे, उंच वाढलेल्या पिकात वाऱ्याविरुद्ध फवारणे, अशी कारणे त्या वेळी पुढे आली. आज आपल्या गटांत रोज कोणीतरी "हे तीन मिसळून मारा, अळी साफ" असे लिहितो आणि शंभर जण ते वाचतात. ही एक ओळ गटात राहू देणे म्हणजे उघड्या विहिरीला कठडा न बांधणे होय. ज्याला मात्रा सांगायची असेल त्याने डब्यावरच्या लेबलाचे छायाचित्र टाकावे. त्रिकोणाचा रंग दिसू द्यावा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. शंका असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक आहे, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येते. आणि फवारताना कोणाला घेरी आली, घाम फुटला, ओकाऱ्या सुरू झाल्या, तर गटात उपाय विचारीत बसू नये. अंगावरचे कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठावा.

पिकवणारा आणि खाणारा यांची अशी बांधणी जगात इतरत्रही झाली आहे. जपानमध्ये कीटकनाशकांच्या भीतीने शहरातील गृहिणींनी शेतकऱ्यांशी थेट नाते जोडले, त्याला तेइकेइ म्हणतात. १९७१ साली तेथे सेंद्रिय शेतीची संघटना स्थापन झाली आणि १९७८ साली या नात्याची दहा तत्त्वे लिहिली गेली. शेतात जे पिकेल ते सर्व गिऱ्हाइकाने घ्यावे, भाव दोघांनी बसून ठरवावा, हे त्यांतलेच. त्या वेळी ना फोनचे ग्रुप होते ना संगणक. आम्ही ही गोष्ट आमच्या छोट्या गटात सांगितली, तेव्हा अकरा घरांनी दर शनिवारी "जे असेल ते" घ्यायचे कबूल केले. पावसाळ्यात त्यांना चार आठवडे ओळीने अळू आणि भोपळा मिळाला. एका घराने नाव काढून घेतले. दहा घरे अजून आहेत.

पालकवाल्या घरी आता शुक्रवारी रात्री नऊपर्यंत मागणीचा आकडा जातो आणि तेवढाच पालक पहाटे कापला जातो. बाकीचा दादरला. परवा दार न उघडलेल्या तिघींपैकी एकीचा निरोप संचालिकेला आला. त्यात नमस्कार नाही, काही नाही, फक्त एवढेच: "अर्धा किलो भेंडी. काटा दाखवून मोजा."